कुठली वेदना? दुखण्यावरच्या वनस्पतींच्या प्रोजेक्टच्या नोंदी

३ जुलै

आज शीट सुरू केली एकदाची. विषय ठरलाय, पारंपरिक औषधांत दुखण्यावर वापरल्या जाणाऱ्या वनस्पती, त्यातली कुठली खरंच दुखणं कमी करते आणि कशी करते ते शोधायचं. मी आणि पार्टनरने मिळून दिवसभरात ६२ नावं टाकली, अफू, वाळुंज, लवंग, मिरची, निर्गुंडी, शल्लकी, हळद, रुई, बचनाग, गांजा, पुदिना, सुचेल तशी, आणि प्रत्येकीपुढे एकच कॉलम, "वेदनाशामक: होय / नाही". संध्याकाळी मॅडमना दाखवलं. त्यांनी शीट वरून खाली नेली, परत वर आणली आणि एवढंच विचारलं, "होय म्हणजे कुठली वेदना गं?"

उत्तर नव्हतं माझ्याकडे. दातदुखी, पोटात येणारी कळ, तापात अंग मोडून येतं ते, गुडघ्याचा संधिवात, नागीण बरी झाल्यावरही महिनोन्महिने राहणारी आग, या सगळ्याला आम्ही एकाच रकान्यात "होय" लिहून टाकलं होतं.

६ जुलै

मॅडमच्या प्रश्नाने झोप नीट लागली नाही म्हणून जुन्या ग्रंथांपासून सुरुवात केली. चरकसंहितेत सूत्रस्थानाच्या चौथ्या अध्यायात ५० महाकषाय दिलेत, म्हणजे एकेका कामासाठी दहा दहा द्रव्यांचे गट, आणि त्यात दुखण्याचे तीन वेगवेगळे गट निघाले!! वेदनास्थापन, शूलप्रशमन आणि अंगमर्दप्रशमन. शूलप्रशमनात पिंपळी, चित्रक, सुंठ, मिरी, अजमोदा, जिरं, म्हणजे सगळा पोटातल्या कळेचा आणि गॅसचा मामला. अंगमर्दप्रशमनात रिंगणी, डोरली, एरंड, चंदन, वाळा, ज्येष्ठमध, हे अंग ठणकतं त्याच्यासाठी. आणि वेदनास्थापनात शाल, कट्फल, कदंब, पद्मक, तुंब, मोचरस, शिरीष, वंजुल, एलवालुक, अशोक. तिन्ही याद्या समोरासमोर ठेवून ताडून बघितल्या तर एकही नाव दोन याद्यांत नाही. ज्यांनी हे लिहिलं त्यांच्या डोक्यात दुखणं ही एक गोष्ट नव्हतीच, आम्ही मात्र एक कॉलम करून बसलो होतो.

अजून एक. या तिन्ही याद्यांत अफू नाही. अफू आपल्याकडच्या ग्रंथांत फार नंतर येते, शार्ङ्गधरसंहितेत अहिफेन म्हणून. जगातलं सगळ्यात जबरदस्त वेदनाशामक यादीतच नाही, आणि तरी दुखण्याचे तीन भाग करून ठेवलेत, हे मला फारच भारी वाटलं.

वंजुल म्हणजे वेतस, आपला वाळुंज, असं बरेच जण मानतात. वाळुंज म्हणजे विलोच्या कुळातला, सॅलिक्स. ॲस्पिरिनची गोष्ट जिथून सुरू होते ते हेच कूळ. त्यावर वेगळी नोंद करायची आहे.

११ जुलै

जुना कॉलम उडवला. आता दुखण्याचा रस्ता काढला आहे कागदावर आणि प्रत्येक वनस्पती त्या रस्त्यावर कुठे उभी राहते ते लिहायचं. ढोबळ चार जागा धरल्यात: जिथे इजा झाली तिथे सूज आणि प्रोस्टाग्लँडिन (सूज-वेदना वाढवणारे शरीरातले पदार्थ) तयार होतात ती जागा, मज्जातंतूच्या टोकावरचे रिसेप्टर, म्हणजे संदेश टिपणारी प्रथिनं, मज्जातंतूतून संदेश पुढे नेणारे सोडियम चॅनल, आणि मग मज्जारज्जू व मेंदू.

चौथ्या जागेवर पहिली अफूच. कच्च्या बोंडाला चिरा पाडून निघणाऱ्या चिकात साधारण १० टक्के मॉर्फिन असतं. ते वेगळं काढलं सेर्टुर्नर नावाच्या जर्मन माणसाने १८०५ च्या सुमारास, औषधाच्या दुकानात शिकाऊ होता तो, विशीतला, म्हणजे आमच्याच वयाचा. १८१७ मध्ये त्याने जे छापलं त्यात स्वतःवर आणि तीन तरुण मुलांवर केलेला प्रयोग आहे, थोड्या थोड्या वेळाने अर्धा अर्धा ग्रेन घेत गेले आणि विषबाधेपर्यंत पोचले, शेवटी व्हिनेगर पिऊन उलटी करावी लागली. पण त्यामुळे पहिल्यांदा कळलं की झाडातला एकच पदार्थ हे सगळं करतो, आणि तो मोजून देता येतो.

त्यानंतर दीडशे वर्षांहून जास्त काळ मॉर्फिन वापरात होतं पण शरीरात नेमकं कुठे चिकटतं ते दाखवता आलं नव्हतं. १९७३ मध्ये ओपिऑइड, म्हणजे मॉर्फिनसारखे पदार्थ जिथे चिकटतात ते रिसेप्टर दाखवले गेले आणि १९७५ मध्ये ह्यूज आणि कोस्टरलित्झने शरीर स्वतःच बनवतं ते एन्केफेलिन शोधलं. म्हणजे खसखशीच्या झाडामुळे आपल्याला आपल्याच शरीरातली वेदना थांबवायची यंत्रणा सापडली. पार्टनर म्हणाला हे प्रेझेंटेशनमध्ये पहिल्या स्लाइडला घ्यायचं. घेऊया.

१४ जुलै

विलो. याच्यावर चार दिवस गेले आणि अजून जातील.

आधी आमच्या शीटमध्ये लिहिलेलं वाक्य होतं "विलोच्या सालीत ॲस्पिरिन असतं". चूक. सालीत सॅलिसिन असतं, ते पोटात गेल्यावर आतड्यात आणि यकृतात बदलत बदलत सॅलिसिलिक ॲसिड होतं. ॲस्पिरिन म्हणजे त्याला ॲसिटिल गट जोडलेला, तो झाडात नसतो, तो माणसाने जोडला. आणि फरक नुसता नावाचा नाही, कारण ॲस्पिरिन तो ॲसिटिल गट कॉक्स एन्झाइमला (प्रोस्टाग्लँडिन बनवणारं) कायमचा चिकटवून टाकतं आणि त्यामुळे रक्तातल्या प्लेटलेटवर परिणाम होतो, तसं सालीने फारसं होत नाही.

इतिहास पण वाटला तेवढा सरळ नाहीये. १७६३ मध्ये एडवर्ड स्टोन नावाच्या इंग्लिश पाद्र्याने रॉयल सोसायटीला पत्र लिहिलं, त्याने साल वाळवून कुटून साधारण ५० जणांना दिली होती, पण ती हिवतापासारख्या थंडीतापावर, दुखण्यावर नाही! साल चाखल्यावर ती सिंकोनासारखी (हिवतापावर द्यायचे ती साल) कडू लागली म्हणून त्याला सुचलं. १८२८ मध्ये बुकनरने सॅलिसिन वेगळं केलं, १८३८ मध्ये पिरियाने त्यापासून सॅलिसिलिक ॲसिड, १८७६ मध्ये मॅक्लेगनने सॅलिसिन सांध्यांच्या संधिज्वरावर देऊन बघितलं, इथे कुठे दुखणं आलं. मग १८९७ मध्ये हॉफमनचं ॲसिटिलसॅलिसिलिक ॲसिड, आणि हे सगळं कसं चालतं, म्हणजे प्रोस्टाग्लँडिन बनणं थांबतं, ते जॉन वेनने दाखवलं थेट १९७१ मध्ये. त्याला १९८२ चं नोबेल मिळालं.

आता खरी गंमत. २००० मध्ये कंबरदुखीच्या २१० पेशंटवर सालीच्या अर्काची चाचणी झाली, चार आठवडे. रोज २४० मिलिग्रॅम सॅलिसिन मिळालेल्यांपैकी ३९ टक्के शेवटच्या आठवड्यात वेदनामुक्त, १२० वाल्यांत २१ टक्के, आणि नुसती खोटी गोळी मिळालेल्यांत ६ टक्के. चांगला निकाल आहे. पण २४० मिलिग्रॅम सॅलिसिनने रक्तात जेवढं सॅलिसिलेट येतं ते ॲस्पिरिनच्या १०० मिलिग्रॅमहून कमी डोसाएवढंच भरतं, आणि एवढ्याशा ॲस्पिरिनने कोणाची कंबरदुखी थांबत नाही. म्हणजे सालीतले पॉलिफेनॉल वगैरे बाकीचे पदार्थ पण हात लावत असणार. "सक्रिय घटक" हा कॉलम एकवचनी ठेवता येणार नाही. तो पण बदलला.

१९ जुलै

आज काही खास नाही. २० ओळींची लॅटिन नावं तपासली, स्पेलिंगच्या चुका काढल्या, दोनदा आलेल्या तीन वनस्पती एकत्र केल्या. डोळे दुखायला लागले.

२३ जुलै

लॅबचा दिवस आणि वाया गेला. लवंगेचं तेल काढायचं होतं, ५० ग्रॅम जाडसर भरड, क्लेव्हेंजर (वाफेने तेल काढायचं काचेचं उपकरण) लावलं, उकळायला ठेवलं आणि तीन तास बसलो. लॅबभर वास, पण मोजणीच्या नळीत वरती नुसता तवंग, थेंब म्हणावा असं काही नाही. आम्ही आच वाढवली, कंडेन्सरचं पाणी तपासलं, सगळे जॉइंट परत बसवले. शेवटी लॅबमधले काका आले, एकदा बघितलं आणि म्हणाले, "अहो लवंगेचं तेल बुडतं, तुम्ही तरंगणाऱ्या तेलाची नळी लावलीय."

लवंगेचं तेल पाण्यापेक्षा जड असतं हे परीक्षेत लिहून आलोय आम्ही दोघं. तरीही हलक्या तेलाची नळी लावली, त्यामुळे जे तेल येत होतं ते खाली बसून पाण्याबरोबर परत फ्लास्कमध्ये जात होतं, तीन तास तेच तेल गोल गोल फिरत होतं. मला फार वाईट वाटलं.

२४ जुलै

जड तेलाची नळी लावून परत केलं. ६.८ मिली तेल आलं, म्हणजे १३.६ टक्के, फिकट पिवळं, खाली स्वच्छ बसलेलं. फेरिक क्लोराइडने रंग आला, पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या तीव्र द्रावणाचा थेंब घालून मायक्रोस्कोपखाली सुयांसारखे स्फटिक पण दिसले, पोटॅशियम युजेनेटचे. टीएलसी (पातळ थरावर पदार्थ वेगळे करायची चाचणी) टोल्युइन आणि इथाइल ॲसिटेट ९३:७ मध्ये चालवली, व्हॅनिलिन फवारलं, युजेनॉलचा (लवंगेच्या तेलातला मुख्य पदार्थ) जाड डाग स्टँडर्डच्या बरोबर शेजारी. खूप बरं वाटलं.

लवंग शीटमध्ये तिसऱ्या जागेवर बसते. युजेनॉल सोडियम चॅनल अडवतं म्हणून हिरडी बधिर होते, शिवाय थोडं सुजेवर पण. झिंक ऑक्साइड आणि युजेनॉलची पेस्ट दाताचे डॉक्टर अजून वापरतात. २००६ मध्ये ७३ जणांच्या तोंडात सुई टोचून बघितलं होतं, लवंगेचं जेल विरुद्ध २० टक्के बेन्झोकेन (बधिर करायचं औषध), दोघांत म्हणण्यासारखा फरक नाही आला. याच जागेवर दुसरी कोका, १८६० मध्ये नीमानने कोकेन वेगळं केलं आणि १८८४ मध्ये कोलरने डोळ्याच्या ऑपरेशनला वापरून दाखवलं, आजची सगळी लोकल ॲनेस्थेशियाची परंपरा तिथून निघते.

एक आठवण म्हणून लिहून ठेवते, शुद्ध तेल हिरडीला भाजतं. नमुना काढताना पार्टनरने बोटाला लागलेलं ओठाला लावलं आणि बराच वेळ जळजळत होतं.

२ ऑगस्ट

मिरची. सगळ्यात उलटी केस. कॅप्सेसिन दुखणं थांबवत नाही, आधी दुखवतं. १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियसच्या लॅबने तो रिसेप्टर शोधला, टीआरपीव्ही१, जो साधारण ४३ अंशांवरच्या उष्णतेने पण उघडतो, म्हणून मिरची "भाजते" असं आपण म्हणतो ते मज्जातंतूच्या दृष्टीने अगदी शब्दशः खरं आहे. या कामासाठी २०२१ चं नोबेल, पॅटापूटियनबरोबर वाटून. मग तोच रिसेप्टर सतत उघडा ठेवला तर आत इतकं कॅल्शियम शिरतं की मज्जातंतूचं टोक थकतं, काम सोडतं, काही दिवस मागे पण सरतं. नागिणीनंतरच्या वेदनेसाठी ८ टक्के कॅप्सेसिनचा पॅच २००९ मध्ये अमेरिकेत मंजूर झाला, एकदा ६० मिनिटं लावायचा आणि परिणाम तीन महिन्यांपर्यंत टिकू शकतो.

पुदिन्याचं मेन्थॉल याचाच थंड भाऊ, त्याचा रिसेप्टर टीआरपीएम८, तो २००२ मध्ये सापडला. दोन्ही दुसऱ्या जागेवर लिहिले.

मलाच प्रश्न पडला की मिरचीपुढे "वेदनाशामक: होय" लिहिलं होतं आपण, ते वाचून कोणी ताज्या जखमेवर लावली तर? कुठल्या दुखण्यावर नाही लावायची, हा कॉलम आजच घातला.

७ ऑगस्ट

आज सगळ्यात जास्त शिकले, म्हणून सविस्तर.

६२ पैकी निम्म्याहून जास्त ओळींचा आधार म्हणजे उंदरांवरचे प्रयोग, आणि त्यातले कितीतरी फक्त एकाच टेस्टवर उभे आहेत, ॲसिटिक ॲसिडची रायदिंग टेस्ट. उंदराच्या पोटात पातळ ॲसिटिक ॲसिड टोचतात, तो पोट आवळून पिळवटतो, ते पीळ मोजायचे, अर्क दिल्यावर कमी झाले की वेदनाशामक म्हणायचं. स्वस्त, सोपी, लगेच निकाल. पण स्नायू सैल करणाऱ्या औषधाने पण पीळ कमी होतात, ॲलर्जीच्या औषधाने पण होतात, ज्यांचा दुखणं कमी करण्याशी संबंध नाही. उंदीर हलला नाही म्हणजे त्याला दुखलं नाही असं नसतं ना.

हॉट प्लेट बघा, १९४४ पासूनची, प्लेट ५५ अंशांवर, पाय चाटायला किंवा उडी मारायला किती सेकंद लागले ते मोजायचं. ही ओपिऑइड चांगली पकडते, ॲस्पिरिनसारखं जवळजवळ पकडतच नाही. म्हणजे विलोची साल हॉट प्लेटवर नापास झाली तर साल वाईट नाही, टेस्ट चुकीची निवडली. १९४१ ची टेल फ्लिक तर मज्जारज्जूच्या पातळीवरची प्रतिक्रिया आहे. मला सगळ्यात आवडली १९७७ ची फॉर्मॅलिन टेस्ट, कारण तिच्यात दोन टप्पे येतात, पहिली पाच मिनिटं मज्जातंतूवर थेट मारा, मग जरा शांत, मग १५ ते ३० मिनिटांत सुजेची वेदना. मॉर्फिन दोन्ही टप्पे दाबतं, ॲस्पिरिनच्या जातीची औषधं मुख्यतः दुसरा. एकाच प्राण्यात कळतं की अर्क कुठल्या जागेवर काम करतोय.

आणि बरोबर रोटारॉड पाहिजे, फिरत्या दांड्यावर उंदीर टिकतो का, नाहीतर नुसती गुंगी आलेली असते. आणि नॅलोक्सोन (ओपिऑइड रिसेप्टर अडवणारं औषध) देऊन परिणाम पुसला जातो का बघायचं, पुसला गेला तर ओपिऑइडचा रस्ता.

आता प्रत्येक ओळीत "कुठल्या टेस्टने" असा कॉलम. ज्यांच्याकडे फक्त रायदिंग आहे त्यांना पिवळा रंग. शीट पिवळी झाली. पार्टनर नाराज झाला, म्हणाला एवढे दिवस कमावलेलं गेलं, पण मला उलट पहिल्यांदा ती खरी वाटली.

१३ ऑगस्ट

एक ओळ पूर्ण काढली. आफ्रिकेतलं नॉक्लिया लॅटिफोलिया, कॅमेरूनमध्ये त्याची मुळं दुखण्यावर वापरतात. २०१३ मध्ये पेपर आला की त्याच्या मुळाच्या सालीत ट्रामाडॉल सापडलं, कारखान्यात बनणारं औषध, तेच झाडात, आणि बरंच. आम्ही उत्साहाने ते ठळक अक्षरांत टाकलं होतं.

मग पुढचे पेपर वाचले. २०१४ मध्ये दुसऱ्या गटाने दाखवलं की तिथले शेतकरी उन्हात काम करवून घ्यायला जनावरांना ट्रामाडॉलच्या गोळ्या देतात, त्यांच्या मुतातून ते जमिनीत आणि पाण्यात जातं आणि झाडाची मुळं ते शोषतात. २०१६ मध्ये मातीतल्या ट्रामाडॉलमधला कार्बन-१४ मोजला, शून्य. जिवंत झाडाने बनवलेलं असतं तर हवेतला कार्बन-१४ त्यात असायलाच हवा होता, शून्य म्हणजे पेट्रोलियमपासून बनलेलं. हे वाचताना अंगावर काटा आला. आम्ही पहिल्या पेपरवर थांबलो होतो, त्यामुळे आता नियम केलाय, प्रत्येक दाव्यानंतर आलेलं पण वाचायचं.

१६ ऑगस्ट

नावांचा घोळ. तगर. पार्टनरने लिहिलं होतं की तगरीत कोनोलिडीन आहे, त्यावर २०११ पासून काम चालू आहे, मॉर्फिनसारखं नसून दुखणं कमी करणारं. बरोबर आहे, पण ती पांढऱ्या फुलांची तगर, टॅबर्नीमॉन्टाना. मी त्याच ओळीत ग्रंथातली तगर जोडली होती, ती व्हॅलेरियन कुळातली, झोपेची, पूर्ण वेगळं झाड. दोन झाडांचे पुरावे एका ओळीत! रास्नाचं तर त्याहून जास्त, कुठे प्लुचिया, कुठे कोलिंजन, कुठे झाडावर वाढणारी वांडा, तिन्ही रास्ना म्हणून वापरात. प्रत्येक ओळीला आता झाडाचं लॅटिन नाव आणि कुठला भाग ते सक्तीचं, मराठी नाव नुसतं शेजारी.

२१ ऑगस्ट

हळद आणि शल्लकी, दोन्ही पहिल्या जागेवर. शल्लकीच्या डिंकातली बॉस्वेलिक ॲसिडं प्रोस्टाग्लँडिनच्या नाही तर ५-लायपॉक्सिजनेज या दुसऱ्या एन्झाइमच्या बाजूने सूज कमी करतात, २००३ मध्ये गुडघ्याच्या ३० पेशंटवर आठ आठ आठवड्यांची चाचणी चांगली आली पण ३० च माणसं. हळदीची २०१४ ची मोठी, ३६७ माणसं, रोज १५०० मिलिग्रॅम अर्क विरुद्ध १२०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन, चार आठवड्यांत दोघांचं जवळपास सारखं आणि हळदवाल्यांना पोटाचा त्रास कमी.

पण कर्क्युमिन काचेच्या नळीत जवळजवळ प्रत्येक टेस्टला "चालतं" असं दिसतं कारण ते टेस्टमध्येच लुडबुड करतं, स्वतः चमकतं, प्रथिनांना चिकटतं. शिवाय रक्तात फारच थोडं पोचतं. म्हणून हळदीच्या ओळीत नळीतले निकाल मी घेतलेच नाहीत, फक्त माणसांवरचे घेतले.

२७ ऑगस्ट

बचनाग. मॅडम म्हणाल्या ही ओळ घाईत लिहू नका. त्यातलं ॲकोनिटीन सोडियम चॅनल अडवत नाही, उघडं धरून ठेवतं. आधी मुंग्या, मग बधिरपणा, आणि तेच हृदयात झालं की ठोके बिघडून माणूस जातो, २ मिलिग्रॅम ॲकोनिटीन पुरे होतं. दुखण्यावरचं औषध आणि विष यातलं अंतर इथे फारच कमी. गोमूत्रात भिजवून, दुधात उकळून शोधन, म्हणजे विषारीपणा कमी करायची प्रक्रिया करतात त्यात नेमकं काय होतं ते बघितलं, ॲकोनिटीनमधले एस्टर बंध तुटतात आणि बेन्झोइलॲकोनिन, पुढे ॲकोनिन असे खूप कमी विषारी पदार्थ बनतात. म्हणजे शोधन ही खरीखुरी रासायनिक प्रक्रिया आहे. ती अर्धवट झाली की जीव जातो, म्हणून या ओळीला लाल रंग आणि वर ठळक, घरी करायचं नाही.

२ सप्टेंबर

शेवटचं मोठं वाचन प्लासिबोचं, म्हणजे खोट्या औषधाचं, कारण मॅडम म्हणाल्या व्हायव्हात विचारतीलच. १९७८ मध्ये अक्कलदाढ काढलेल्या पेशंटना खोटं औषध दिलं, काहींचं दुखणं कमी झालं, मग त्यांना नॅलोक्सोन दिलं तर दुखणं परत वाढलं. म्हणजे खोट्या औषधाने झालेला आराम पण शरीराच्या स्वतःच्या ओपिऑइडमधून येत होता. म्हणून माणसांवरच्या ज्या चाचणीत प्लासिबो नाही ती ओळ आम्ही पिवळीच ठेवतोय, अगदी निकाल कितीही सुंदर असला तरी.

५ सप्टेंबर

शीट लॉक केली. ६२ च्या ५७ राहिल्या. हिरव्या, म्हणजे नीट ओळख, माणसांवर प्लासिबोसहित चाचणी आणि कामाची जागा माहीत, फक्त ११. मॅडमनी शीट परत वरून खाली नेली आणि वंजुलपाशी थांबल्या. "याची ओळख पटली का?" मी सांगितलं की वाळुंज मानणारे आहेत, अशोक मानणारे पण आहेत, दोन्हीच्या वेगळ्या ओळी केल्यात. त्या म्हणाल्या मग वाळुंजाच्या सालीत सॅलिसिन किती भरतं ते तुम्हीच बघा की. मंगळवारी साल मिळणार आहे, आधी वनस्पतीशास्त्राच्या सरांकडून ओळख पटवून घ्यायची, मग वाळवायला ठेवायची.